आईच्या मानेसाठी अ‍ॅक्युपंक्चर: काय बघून सुरू करावं

प्रश्न थोडक्यात असा: आई ४६ वर्षांची, घरी शिवणकाम करते. दीड वर्षापासून उजवी मान आणि खांदा दुखतो, सकाळी उठल्यावर मान वळत नाही. एक्स-रेमध्ये ‘सी५–सी६ मधली जागा कमी’ असं आलंय, म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली. गोळी घेतली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं, तिथे दहा सिटिंगचं पॅकेज सांगतात. घ्यावं का? सुया मणक्यात टोचतात का? आणि मणक्यातला गॅप त्याने भरून येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. नाही, गॅप भरून येत नाही. सुईने नाही, मालिशने नाही, मान ताणून धरणाऱ्या ट्रॅक्शननेही नाही. दोन मणक्यांमधली चकती वयानुसार सुकते, चपटी होते, आणि ती पुन्हा फुगत नाही. पण दुखण्याचं कारण तोच गॅप आहे असं एक्स-रे पाहून म्हणता येत नाही. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या बाहेर आलेल्या दिसल्या. विशी-पंचविशीतली मुलंही त्यात होती. त्यामुळे आईच्या रिपोर्टमधली ओळ खरी असेल, पण दुखतंय ते बहुधा त्या ओळीच्या दोन बोटं बाहेर, स्नायूत. सुईचं काम तिथेच चालतं, आणि म्हणूनच सुई मणक्यात टोचत नाहीत. मणक्याच्या बाजूच्या मांसात, तीही मोजून टोचतात.

अ‍ॅक्युपंक्चर घ्यावं का हे ठरवायच्या आधी काही गोष्टी तपासून घ्या. हातातली पकड कमी झाली आहे का, सुईत दोरा ओवताना किंवा बटण लावताना बोटं ऐकत नाहीत का, चालताना पाय लटपटतात का, लघवीवरचा ताबा बदलला आहे का, मान पुढे वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं का? यातलं एकही ‘हो’ असेल तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. आधी न्यूरोलॉजिस्ट किंवा मणक्याचे सर्जन, सुई नंतर. ताप आणि मान ताठ, रात्री पडल्यावर वाढणारं दुखणं, विनाकारण वजन घटणं, पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, कधीकाळी झालेला कॅन्सर, हेही त्याच रांगेतलं. आमवात असलेल्यांच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल पडलेला असू शकतो, त्यामुळे त्यांच्या मानेला हिसका किंवा जोराची मालिश देऊ नये, आणि सुईआधीही त्या सांध्याचा एक्स-रे झालेला असावा. ‘असं कधीच दुखलं नव्हतं’ अशी अचानक उठलेली कळ, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं किंवा बोलणं अडखळणं असेल तर ती मानेतल्या रक्तवाहिनीची इजा असू शकते. थेट इमर्जन्सीत जायचं. डावा खांदा, जबडा दुखतोय आणि घाम येतोय, तर आधी ईसीजी.

हे काही नसेल, तर मग हाताने मान पाहायची. नुसती फाइल पाहून सुया लावायला घेणाऱ्याकडे जाऊ नका. मान डावी-उजवीकडे किती वळते ते बघायला हवं. निरोगी तरुण मान साधारण ७० ते ८० अंश वळते, म्हणजे हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेत येते. मग मान दुखऱ्या बाजूला कलती करून डोक्यावर हलका दाब द्यायचा. त्याने मुंग्या हातात उतरल्या तर नस दबलेली असण्याची शक्यता. अंगठ्याकडे उतरल्या तर सहावी नस, मधल्या बोटाकडे उतरल्या तर सातवी. मुंग्या नाहीत, दुखणं कोपराच्या वरच थांबतं आणि बोटाने दाबल्यावर एखाद्या ठिकाणी ‘हां, हेच!’ असं आई म्हणते, तर ती स्नायूची मान आहे. अशा मानेला सुई सगळ्यात चांगली लागू पडते. नस दबलेल्या मानेतही वेदना कमी होतात, पण वेळ जास्त लागतो. आणि हाताचा जोर कमी होत चालला असेल तर सुईच्या भरवशावर थांबू नये.

शिवणकाम करणाऱ्यांचा स्नायू जवळपास ठरलेला असतो. साडेचार-पाच किलोचं डोकं तासन्‌तास पुढे झुकलेलं, उजवा खांदा कापड सरकवताना किंचित वर उचललेला. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याला जाणारा एक पट्टा आहे, लिव्हेटर स्कॅप्युली. सगळा ताण तो धरतो. ‘मान धरली’ म्हणून बाई ज्या जागेवर हात ठेवते ती बहुतेक वेळा त्याच्या खालच्या टोकाची जागा असते. त्यावर खांद्याचा मोठा ट्रॅपेझियस, आणि कवटीच्या तळाशी छोटे स्नायू. कवटीखालचे आखडले की दुखणं डोळ्यामागे जातं आणि लोक चष्म्याचा नंबर तपासत बसतात.

आता बिंदू, म्हणजे सुई लावायच्या ठरलेल्या जागा. एसआय ३, जीबी २० अशी अक्षर-आकड्यांची नावं त्यांचीच. मानेसाठी पुस्तकात चाळीसेक सापडतील. रोजच्या कामात दहा-बारा पुरतात. पहिल्या सिटिंगला सहा ते आठ सुया बस्स. पंचवीस सुया लावणारा जास्त जाणकार असतो असं नाही.

अनुभवी माणूस दुखऱ्या जागेपासून सुरुवात करत नाही. मान अडकलेली असेल तर पहिली सुई हातात. करंगळीच्या बाजूला, मूठ सैल मिटल्यावर तळहाताची मोठी रेघ जिथे संपते, तिथल्या लाल-पांढऱ्या कातडीच्या सीमेवर एसआय ३, म्हणजे होऊशी. मान पुढे-मागे होत नसेल तर हा. दुसरा हाताच्या मागच्या बाजूला, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांमध्ये, बोटांच्या मुळापासून अर्धा त्सुन मागे. याचं चिनी नाव लुओझेन, शब्दशः ‘उशीवरून घसरणं’. आपण ‘झोपेत मान अवघडली’ म्हणतो तेच. मान बाजूला वळत नसेल तर सोबत मनगटाच्या वरचा टीई ५, किंवा पायात, बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून ३ त्सुन वरचा जीबी ३९. त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची पेरापाशी असलेली रुंदी, आणि चार बोटं एकत्र धरली की ३ त्सुन. डॉक्टरांच्या अंगठ्याने मोजायचं नसतं. सडपातळ बाईवर जाड अंगठा ठेवून मोजला की बिंदू चुकलाच.

हाताची किंवा पायाची ही सुई १० ते १५ मिलिमीटर जाते. मग ती हळू फिरवत रुग्णाला मान वळवायला सांगायचं, दुखेल तिथे थांबायचं, पुन्हा वळवायचं. दोन-तीन मिनिटं. ताज्या अवघडलेल्या मानेत कित्येकदा याच वेळात १० ते २० अंश वाढतात, आणि मानेत सुई लावायच्या आधीच स्नायू सैल पडतो. हे हलवणं मानेत सुया असताना कधीही करायचं नाही. सुई वाकते, क्वचित तुटते.

मग पालथं झोपवून मानेच्या सुया. चेहऱ्यासाठी भोक असलेला टेबल हवा. तो नसेल तर कुशीवर झोपवावं. खुर्चीत बसवून, डोकं टेबलावर टेकवून करतात तेही चालतं, पण पहिल्यांदाच सुई घेणाऱ्याला बसवू नये. चक्कर येणारे बहुतेक बसलेलेच असतात.

कवटीच्या खाली, मानेच्या दोन जाड स्नायूंमधल्या खळग्यात जीबी २०, फेंगची. मानेचा सगळ्यात उपयोगी बिंदू आणि चुकीच्या दिशेने सगळ्यात धोक्याचा. सुईचं टोक नाकाच्या शेंड्याकडे रोखायचं, खोली साधारण १२ ते २० मिलिमीटर. वर आणि आत, म्हणजे मेंदूच्या दिशेने, अजिबात नाही. तिथे मज्जारज्जू आणि मेंदूकडे जाणारी धमनी आहे. त्याच्या आतल्या बाजूला बीएल १०, त्यालाही हाच नियम. डोकं वळवल्यावर जो शेवटचा मणका बोटाखाली हलतो तो सातवा, त्याच्या खालच्या खळग्यात डीयू १४. इथे सुई किंचित वर तिरपी, तीही उथळ. पाचव्या-सहाव्या मणक्याच्या बाजूला, मध्यरेषेपासून अर्ध्या त्सुनवर हुआतुओ या प्राचीन चिनी वैद्याच्या नावाचे बिंदू लावतात. रिपोर्टमधल्या सी५–सी६ चा संबंध आला तर तो इथेच येतो.

आता खांदा. याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मानेच्या अ‍ॅक्युपंक्चरमध्ये खरी चूक झाली तर ती इथे होते. मान आणि खांद्याच्या टोकाच्या बरोबर मध्ये, सगळ्यात उंच जागी जीबी २१ आहे. दाबलं की कळ जाते, त्यामुळे प्रत्येकाला तिथेच सुई हवी असते. पण त्या मांसाखाली फुप्फुसाचं टोक आहे आणि बारीक अंगाच्या बाईत मधे फार जागा नसते. सुई सरळ खाली, खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरते. उपाय साधा आहे: स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत वर उचलायचा आणि सुई मागून पुढे, आपल्याच बोटाच्या दिशेने, १० ते १५ मिलिमीटर घालायची. टोक बरगड्यांकडे कधी वळतच नाही. फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याचा एसआय १४ असाच तिरपा, उथळ. आईला सुई लावताना चिमूट धरली जाते का, हे सोबत बसून नक्की बघा. ४० मिलिमीटरची सुई खांद्यावर उभी दिसली तर ‘कशासाठी?’ असं विचारायला संकोचू नका. मानेला ०.२५ मिलिमीटर जाडीची, २५ मिलिमीटर लांबीची सुई पुरते.

सिटिंगनंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी छातीत बारीक कळ, कोरडा खोकला, जिना चढताना दम लागला तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत थांबू नका. हॉस्पिटलमध्ये जाऊन ‘खांद्यावर सुया घेतल्या होत्या’ हे शब्द वापरून सांगा आणि छातीचा एक्स-रे काढा. हे दुर्मीळ आहे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली, त्यात असे दोन निघाले. त्याच नोंदीत ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, त्यातला मोठा भाग थोडं रक्त येणं, काळंनिळं पडणं आणि सुईच्या जागी दुखणं.

सुई आत गेल्यावर टोचल्याची कळ एका क्षणात जाते. त्यानंतर जडपणा, ओढ, झिणझिण असं काहीतरी वाटायला हवं; चिनी भाषेत त्याला देची म्हणतात. तीक्ष्ण चटका किंवा वीज गेल्यासारखं वाटलं तर सुई नसेला किंवा शिरेला लागली. लगेच सांगायचं, म्हणजे ती थोडी मागे घेतात. ‘सहन करा, गुण येतोय’ हे उत्तर चुकीचं. सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात, मधे एक-दोनदा हलक्या फिरवतात.

सुई काढताना ती अडकली की घाबरायला होतं. एकाच दिशेने फिरवत राहिलं की स्नायूचे तंतू तिच्याभोवती गुंडाळतात, किंवा भीतीने स्नायू आवळतो. ओढायचं नाही. उलट दिशेने हलकी फिरवायची, आजूबाजूला बोटाने टिचक्या मारायच्या, दोन मिनिटं थांबायचं, तरीही नाही सुटली तर इंच-दीड इंचावर दुसरी सुई उथळ लावली की पहिली सैल होते. चक्कर, थंड घाम, मळमळ आली तर सगळ्या सुया लगेच काढून, पालथं असेल तर उताणं करून, पाय उंच. पाच-दहा मिनिटांत ठीक वाटतं. हे टाळायचं असेल तर उपाशीपोटी जाऊ नये. सकाळचा नाष्टा करून दीड-दोन तासांनी जाणं बरं. भरपेट जेवून लगेचही नको, पालथं पडवत नाही. पहिल्या सिटिंगनंतर सुस्ती येते, तर आईला लगेच स्कूटीवर बसवून पुढे चालवायला देऊ नका. एक-दोन दिवस अंग थोडं दुखू शकतं, ते चालेल. तीन दिवस आधीपेक्षा जास्त दुखत राहिलं तर मात्र पुढच्या वेळी सुया कमी आणि हलक्या करायला सांगा.

विजेच्या क्लिपा लावतात त्याबद्दल. जुन्या, हट्टी दुखण्यात २ ते ४ हर्ट्झचा सौम्य प्रवाह, स्नायू नुसता टिपटिप हलेल इतकाच, उपयोगी पडतो. एका जोडीच्या दोन्ही क्लिपा एकाच बाजूला. छातीच्या आरपार प्रवाह जाईल अशा लावत नाहीत. पेसमेकर असेल तर वीज नाहीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई बंद नसते, पण खोल नाही, आणि काढल्यावर दोन मिनिटं दाबून धरायचं. वॉर्फरिन असेल तर ताजा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा रिपोर्ट, दाखवायचा. आईला लागू नाही, पण घरात कुणी गरोदर असेल तर जीबी २१ आणि अंगठा-तर्जनीमधला एलआय ४ टाळण्याचा प्रघात आहे.

सुया पाकीटबंद, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या. पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि त्यावरची मुदत वाचता आली पाहिजे. ‘तुमच्या नावाची डबी ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू’ ही पद्धत जुनी आहे आणि ती बंद व्हायला हवी. हिपॅटायटिस बी असाच पसरलेला आहे. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात पडतात का, तेही दिसेल. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद करते. तो नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का बघा, नसेल तर विचारा. भिंतीवर बऱ्याच ठिकाणी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो असतो. तो असावाच, पण तो पात्रतेचा दाखला नाही. कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बी. के. बसू पुढे ही विद्या शिकून आले आणि भारतात तिची सुरुवात झाली.

आता पॅकेज. दहाचे पैसे आधी भरू नका. पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्याला दोनदा, म्हणजे चार सिटिंग घ्या. पहिल्या दिवशी तीन गोष्टी वहीत लिहा: दुखणं दहापैकी किती, मान उजवीकडे वळवल्यावर हनुवटी कुठवर जाते, आणि सलग किती वेळ मशीनवर बसता येतं. चौथ्या सिटिंगनंतर तेच पुन्हा लिहा. दहापैकी सातचं पाच झालं, वीस मिनिटांची चाळीस झाली, तर पुढे आठवड्याला एक अशी आणखी चार ते सहा घ्या. काहीच हललं नाही तर बिंदू बदलून एक-दोनदा प्रयत्न होऊ शकतो, त्यापुढे नाही. ‘वीस सिटिंगनंतर कळेल’ असं मानेत होत नाही.

यात किती दम आहे हेही समजून घ्या. ३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ जुन्या दुखण्याच्या रुग्णांची माहिती २०१८ मध्ये एकत्र तपासली गेली, त्यात मानेचेही होते. काहीच न करण्यापेक्षा फायदा बऱ्यापैकी. तुलनेसाठी वापरलेल्या खोट्या सुयांपेक्षाही जास्त, पण तो फरक लहान. वर्षानंतर फायदा साधारण १५ टक्क्यांनीच घटलेला होता. ब्रिटनमध्ये ५१७ मानदुखीच्या रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला पन्नास-पन्नास मिनिटांच्या बारापर्यंत सिटिंग दिल्या, दुसऱ्याला अ‍ॅलेक्झांडर तंत्र, म्हणजे बसण्या-उठण्याची आणि अंग सैल ठेवण्याची शिकवणी. वर्षभराने दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा पुढे होते, आणि एकमेकांच्या जवळजवळ बरोबर.

म्हणून सुईइतकंच मशीनकडे बघा. मशीन आईसाठी बहुतेक खूप खाली असेल. स्टँडच्या मागच्या दोन पायांखाली लाकडाची पट्टी घालून मशीन तिच्याकडे थोडी कलली की डोकं तेवढं कमी झुकतं. पायमशीन असेल तर पट्टी घातल्यावर ती डगमगत नाही ना, पट्टा सुटत नाही ना, ते बघा. दिवा सुईच्या वर, डाव्या बाजूला; अंधुक उजेडात माणूस आपोआप वाकतो. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काम दिवसाउजेडी. दर अर्ध्या तासाने उठून, हनुवटी आत ओढून पाच सेकंद धरायची, असं दहा वेळा, दुखेल इतका जोर नाही. सिटिंग चालू असताना मानेचा पट्टा दिवसभर घालू नये, स्नायू आळशी होतात आणि चौथ्या सिटिंगला वहीतले आकडे खोटं सांगतात.

पहिल्या भेटीला एक्स-रे न्या, चालू गोळ्यांचं पान न्या, आणि आईला मोठ्या गळ्याचा, पाठीमागे हुक असलेला ब्लाउज किंवा सैल कुर्ता घालायला सांगा. खांदा उघडा झाल्याशिवाय चिमूट धरता येत नाही.